सहांपैकी दोघांना घरी पाठवावं का?

प्रश्न : आमचं सहा जणांचं भाषांतराचं कार्यालय आहे. यंत्रांच्या पुस्तिका, करारनामे, औषधांसोबतची माहितीपत्रकं असं काम असतं. मागच्या महिन्यात एआय सेवा विकणारा एक प्रतिनिधी येऊन गेला. आमच्या माणसाला ज्या मसुद्याला चार तास लागतात, तो त्याने काही मिनिटांत काढून दाखवला. तेव्हापासून भागीदाराचं एकच चाललंय : दोन शिकाऊ मुलं आहेत, त्यांना आता काम उरलेलं नाही, सोडून देऊ. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही. दुसरी काळजी घरची. मुलगा १७ वर्षांचा आहे, भाषांची ओढ आहे. त्याला या वाटेला जाऊ द्यावं का?
— एक वाचक

उत्तर : तुम्हाला पटत नाही त्याचं कारण एका बेरजेत आहे, तेव्हा आधी तीच करू.

समजा एक काम हातावेगळं व्हायला १० तास लागतात. त्यातले ४ मसुद्याचे. उरलेले ६ कुठे जातात? साधारण असं धरा : संज्ञा शोधून ठरवायला दीड तास, मसुदा तपासायला २, ग्राहकाला शंका विचारण्यात १, मांडणी आणि शेवटच्या वाचनात दीड. यंत्र आलं की मसुद्याचे ४ तास अर्ध्या तासावर येतात. काही मिनिटांवर येत नाहीत, कारण सूचना लिहायच्या, लांब मजकुराचे तुकडे करून द्यायचे, परत जोडायचे, हे माणसालाच करावं लागतं. प्रतिनिधीने दाखवताना हा भाग आधीच उरकलेला असतो. दुसरीकडे तपासणी २ तासांची ३ तासांवर जाते. का, ते पुढे सांगतो. आता बेरीज करा : अर्धा, दीड, ३, १, दीड. साडेसात. वाचले अडीच तास, म्हणजे पाव हिस्सा.

सहा माणसांच्या कामाचा पाव हिस्सा म्हणजे दीड माणूस. दोघांना काढलंत तर अर्ध्या माणसाचं काम उरतं आणि करायला कोणी नसतं. ते अर्धं काम तपासणीतूनच कापलं जाईल, कारण घाई केलेली लगेच दिसत नाही अशी तुमच्याकडे तेवढी एकच जागा आहे. संज्ञा चुकली तर ग्राहक दुसऱ्या दिवशी फोन करतो, मांडणी बिघडली तर समोर दिसते. तपासणी निम्मी केली तर सहा महिने काहीच होत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात हा हिशेब जुना आहे. जीन अॅमडाल या अभियंत्याने १९६७ साली तो मांडला : एखाद्या कामाचा एकच भाग कितीही वेगवान केला, तरी उरलेला भाग एकूण वेगाला वेसण घालतो. तुमचा मसुदा शून्य मिनिटांत झाला आणि तपासणी जराही वाढली नाही, तरी ६ तास उरतातच.

वर धरलेले आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे निघतील. म्हणून भागीदाराशी वाद घालण्याआधी दोन आठवडे वेळेची नोंद ठेवा. सहाही जणांनी, प्रत्येक कामावर, याच पाच रकान्यांत. नोंद त्या त्या वेळी व्हायला हवी. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत मसुदा हमखास फुगतो, कारण ‘काम केलं’ असं वाटतं ते तेव्हाच. फोनवर गेलेला तास कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता तपासणी का वाढते. जुनी भाषांतरयंत्रं अडखळत बोलायची. वाक्य मोडकं दिसलं की तिथे चूक आहे हे कळायचं. आजची मॉडेलं, म्हणजे एआय सेवांमागचे मजकूर लिहिणारे प्रोग्राम, सफाईदार लिहितात आणि चूक त्या सफाईखाली झाकली जाते. कारण त्यांच्या घडणीत आहे. मॉडेल आधीच्या मजकुरावरून पुढचा तुकडा कोणता शोभेल याचा अंदाज घेत पुढे जातं. मूळ मजकुरातल्या प्रत्येक वाक्यासमोर ‘हे झालं’ अशी खूण करणारी वही त्याच्याकडे नसते, म्हणून लांब उताऱ्यात मधलंच एखादं वाक्य गळतं आणि आजूबाजूची वाक्यं इतकी छान जुळतात की खाच दिसत नाही. संख्येचंही तसंच : ती अंकांच्या तुकड्यांत हाताळली जाते, तिच्या किमतीची जाण त्यामागे असेलच असं नाही.

तुमच्या प्रकारच्या कामात ज्या चुकांवर डोळा ठेवायचा त्या नेमक्या या. नकार पुसला जाणं : ‘शिवाय’, ‘वगळता’, ‘तोपर्यंत नाही’ अशा रचना उलट्या होतात. किमान आणि कमाल यांची अदलाबदल. दशांशचिन्ह : काही भाषांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे ०.५ चे ५ होऊ शकतात, आणि औषधाच्या पत्रकात हा दहापट फरक आहे. दशलक्ष आणि लाख यांतला घोळ. ३/४ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च. आणि सगळ्यात चिवट चूक म्हणजे संज्ञेचं घसरणं : पहिल्या पानावर ‘झडप’ असलेला भाग नवव्या पानावर ‘व्हॉल्व्ह’ होतो आणि वाचणाऱ्याला ते दोन वेगळे भाग वाटतात. तुकडे करून मजकूर दिला की हे जास्त होतं, कारण प्रत्येक तुकडा मागच्याची आठवण न ठेवता सुरू होतो. उपाय सोपा आहे. त्या कामाची २० ते ४० शब्दांची संज्ञासूची प्रत्येक तुकड्याबरोबर द्यायची.

यातलं काही डोळ्यांवर सोडूच नका. मुळातल्या सगळ्या संख्या एका रकान्यात, भाषांतरातल्या दुसऱ्या रकान्यात काढून ताडून पाहायचं काम स्प्रेडशीट किंवा चार ओळींचा प्रोग्राम करतो. परिच्छेद मोजून पाहणंही तसंच. नकाराला मात्र माणूस लागतो.

तुमचे तपासणारे खरोखर किती पकडतात, हे तुम्हाला आज माहीत नाही. कुठल्याच कार्यालयाला मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायची रीत अशी : पूर्ण होऊन ग्राहकाकडे गेलेली दहा जुनी कामं घ्या. प्रत्येकात दोन, अशा २० चुका मुद्दाम पेरा. एक ‘नाही’ काढा, एका संख्येचं दशांशचिन्ह हलवा, डावं-उजवं उलटं करा, एक अख्खं वाक्य गाळा. कुठे काय पेरलं ते वेगळ्या वहीत लिहा. मग ज्यांनी ती कामं पूर्वी पाहिलेली नाहीत त्यांच्याकडे तपासायला द्या. पेरणी जुन्या कामांतच करा. चालू कामात पेरलेली एखादी चूक विसरून ग्राहकापर्यंत गेली तर ती तुमचीच. आणि या महिन्यात अशी चाचणी होणार आहे हे सगळ्यांना आधी सांगा. न सांगता सापळा लावलात तर लोक चुका लपवायला शिकतात, मग पुढचं सगळं मोजमाप वाया.

२० पैकी १४ सापडल्या तर ३० टक्के निसटतात. यंत्राच्या मसुद्यात दर कामाला १० गंभीर चुका असतील तर ३ बाहेर जाणार, इतका सरळ हिशेब. हीच चाचणी यंत्राने केलेला मसुदा आणि माणसाने केलेला मसुदा, दोन्हींवर करा आणि मसुदा कोणाचा ते तपासणाऱ्याला सांगू नका. ‘हे यंत्राचं आहे आणि यंत्र बहुधा बरोबर असतं’ अशी समजूत एकदा बसली की नजर सैल पडते.

यंत्राची चाचणीही स्वतंत्र हवी. तुमच्या जुन्या, मान्य झालेल्या कामांतून ४० उतारे काढा, प्रत्येकी २०० शब्दांच्या आसपास, चारही प्रकारचे सारखे : पुस्तिका, करार, औषधपत्रकं, किरकोळ. महाजालावर छापला गेलेला मजकूर घेऊ नका, तो मॉडेलने आधीच पाहिलेला असू शकतो आणि मग गुण फुकटचे मिळतात. इथे एक धोक्याची जागा आहे. ४० पैकी ४० ठीक निघाले की भागीदार म्हणेल, झालं की सिद्ध. संख्याशास्त्रात यासाठी तीनाचा नियम आहे : जितके नमुने तपासले तितक्यांनी तीनाला भागा. एकही चूक सापडली नसली तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं प्रमाण त्याहून जास्त नसावं. ४० नमुन्यांना ते साडेसात टक्के येतं. एक टक्क्याच्या आत आहे असं म्हणायचं तर ३०० निर्दोष नमुने लागतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातला भात एकाच आचेवर शिजलेला असतो. इथे प्रत्येक उतारा वेगळ्या चुलीवरचा आहे. म्हणून औषधपत्रकांचे नमुने वेगळे आणि जास्त घ्या, आणि पुस्तिकांचा निकाल त्यांना लावू नका.

दोन गोष्टी थोडक्यात. मॉडेलचं नाव आणि आवृत्ती प्रत्येक कामाच्या नोंदीत लिहा. सेवा देणारे आवृत्ती बदलतात, आणि बदलली की ते ४० उतारे त्याच दिवशी पुन्हा चालवा. आणि ग्राहकाचा मजकूर बाहेरच्या सेवेला देण्यापूर्वी करारात तीन गोष्टी वाचा : मजकूर किती दिवस साठवतात, तो मॉडेल शिकवायला वापरतात का, आणि पुढे तिसऱ्या कुणाकडे जातो का. तुमच्या ग्राहकाशी झालेल्या गुप्ततेच्या करारात ‘त्रयस्थाला देऊ नये’ असं असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या.

आता शिकाऊ मुलांचं. खरा प्रश्न हाच आहे आणि तो तुमच्या कार्यालयापुरता नाही. वकिली, हिशेबतपासणी, प्रोग्रामिंग, बातमीदारी, सगळीकडे नवशिक्याला जे काम देत आले तेच यंत्राला आधी जमू लागलं आहे. कच्चा मसुदा, पहिली छाननी, साधा कोड. या कामातून पैसा थोडा मिळायचा, पण हात त्यावरच बसायचा. तपासणाऱ्याची नजर आभाळातून पडत नाही. शेकडो मसुदे स्वतः लिहून, त्यावर लाल शाई खाऊन ती येते. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालच्या एका निबंधात कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल हे लिहून ठेवलंय : यंत्रणा सोपी कामं घेते आणि अवघड प्रसंग माणसावर सोडते, शिवाय तो प्रसंग निभवायला लागणारा सराव त्याच माणसाकडून काढून घेते. चाळीस वर्षांनी तोच पेच टेबलावरच्या कामात आला आहे. तुमच्या चार अनुभवी माणसांपैकी एकाने पुढच्या तीन वर्षांत नोकरी सोडली, तर त्याच्या जागी तपासायला कोण बसेल? बाजारात तयार माणूस मिळेल असं भागीदार म्हणत असेल तर त्याला विचारा, बाकीच्या कार्यालयांनीही शिकाऊ काढून टाकले असतील तर तो तयार होणार कुठे.

ठेवायचं तर त्यांना नुसतं यंत्रासमोर बसवून ठेवण्यात मात्र अर्थ नाही. रोज दोन तास त्यांनी यंत्राशिवाय मसुदा करावा. मग त्याच उताऱ्याचा यंत्राचा मसुदा उघडून तीन फरक टिपावेत आणि प्रत्येक फरकात कोण बरोबर, का बरोबर, हे दोन ओळींत लिहावं. क्रम बदलू नका. यंत्राचा मसुदा आधी दिसला की स्वतःचं वाक्य सुचतच नाही, सुचतं ते त्याच वाक्याचं डागडुजी केलेलं रूप. ही वही अनुभवी माणसाने आठवड्यातून एकदा अर्धा तास पाहायची. पेरलेल्या चुकांची चाचणी त्यांचीही दर तीन महिन्यांनी. आणि अनुभवी लोकांनीही पाचातलं एक काम हाताने करावं, हे त्यांना आवडणार नाही तरीही. वाचलेल्या दीड माणसाच्या वेळेतला बराचसा भाग इथे घालवायचा आहे. भागीदार याला खर्च म्हणेल. खर्च आहेच, पूर्वी तो कामाच्या पोटात दडलेला होता, एवढंच.

भागीदाराची एक बाजू खरी आहे, ती टाळू नका. चुकल्यास फारसं बिघडत नाही असं भाषांतर, वस्तूंची वर्णनं किंवा कार्यालयांतर्गत टिपणं, ग्राहक स्वतःच यंत्राकडून करून घेतील आणि तुमच्याकडे येणारच नाहीत. उरलेल्या कामाचाही दर खाली येईल. हातमागावर विणणाऱ्या इंग्लिश विणकरांचं हेच झालं. एडमंड कार्टराइटचा यंत्रमाग १७८५ चा, पण हातमाग लगेच बंद पडले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नगामागची मजुरी घसरत गेली आणि विणकर कमी मजुरीत तेच काम करत राहिले. माणसं नंतर हटली, मजुरी आधी हटली. तुमच्या धंद्यातही नोकऱ्या किती गेल्या हे मोजत बसलात तर उशीर होईल. शब्दामागे काय दर मिळतो तो दर तीन महिन्यांनी मांडून बघा.

शब्दामागे दर लावणं हळूहळू सोडावं, असं आमचं मत आहे. शब्द आता स्वस्त झाले. महाग आहे ती जबाबदारी. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी सादर केलेल्या टिपणात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले होते. २०२४ साली कॅनडातल्या एका लवादासमोर एअर कॅनडाने असा बचाव केला की आपल्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीला चॅटबॉटच जबाबदार आहे. लवादाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. दोन्हीकडे यंत्र चुकलं, भुर्दंड माणसांना पडला. करार किंवा औषधपत्रक घेऊन येणाऱ्याला ‘हे बरोबर आहे’ यावर सही करणारं कोणीतरी हवं असतं. तेव्हा दरपत्रक तीन पायऱ्यांचं करा : नुसता यंत्राचा मसुदा आणि संख्यांची पडताळणी, एका माणसाची पूर्ण तपासणी, दोन स्वतंत्र तपासण्या आणि लेखी हमी. कोणत्या पायरीत काय तपासलं जात नाही हेही छापा. पहिल्या पायरीत औषधपत्रकं आणि करार घेऊच नका, ग्राहकाने आग्रह धरला तरी.

भागीदाराला एक जुनी गोष्टही सांगून बघा, त्याला यंत्रांची आवड दिसते. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. पुढे कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी विजेची मोटर बसवली आणि सगळ्या यंत्रांना गती पोचवणारे, छताखालून फिरणारे दांडे, पट्टे सगळं तसंच ठेवलं. फायदा बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर लावून, दांडे काढून टाकून, यंत्रं कामाच्या क्रमाने मांडली गेली तेव्हा कुठे उत्पादकता उसळली, आणि तोवर १९२० चं दशक उजाडलं होतं. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० साली हा दाखला संगणकांना लावला. शिकाऊ मुलाच्या खुर्चीत एआय बसवणं म्हणजे इंजिनाच्या जागी मोटर. कोण कधी काय तपासतो, दर कशाचा लावतो, शिकवतो कसा, ही मांडणी बदलायला वेळ लागतो. समाजातही नव्या तंत्राचे परिणाम उशिरा आणि भलत्याच जागी दिसतात ते त्यामुळेच.

मुलाबद्दल. कोणतं करिअर टिकेल हे ठामपणे सांगणाऱ्यावर फार विसंबू नका. आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ, जेफ्री हिंटन, यांनी २०१६ साली म्हटलं होतं की क्ष-किरणतज्ज्ञ घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्रं त्यांच्यापेक्षा सरस होतील. त्यांच्याइतका जाणकार विरळा, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. क्ष-किरणतज्ज्ञ मात्र आजही लागतात, कारण चित्रातली गाठ ओळखणं हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे आणि बाकीच्या भागांना ते भाकीत लागू नव्हतं. पुन्हा तीच दहा तासांची बेरीज.

नुसती भाषा शिकून दुसऱ्या भाषेत मजकूर उतरवायचा, एवढ्यावर त्याने विसंबू नये. भाषेबरोबर एक विषय पक्का करावा : कायदा, औषधशास्त्र, एखादी अभियांत्रिकी. विषय येत असेल तर झडपेचं वाक्य सफाईदार असूनही चुकीचं आहे हे कळतं. संख्याशास्त्राचा एक पायाभूत अभ्यासक्रमही करावा, तीनाचा नियम कुठून येतो ते समजण्याइतका. एआयला सूचना कशा द्याव्यात यावरच्या महागड्या वर्गांना पाठवू नका. आज पाठ केलेल्या युक्त्या पुढच्या आवृत्तीत निरुपयोगी होतात.

आणि एक परीक्षा घरच्या घरी घ्या. कार्यालयातल्या एखाद्या जुन्या पुस्तिकेची तीन पानं यंत्राकडून करून घ्या, मूळ आणि भाषांतर त्याच्यासमोर ठेवा, शेजारी कोरा कागद, आणि एक तास त्याला एकट्याला बसू द्या. वीस मिनिटांत कंटाळून उठला तर त्याची ओढ वाचनाची आहे, ती जपावी, पोटापाण्यासाठी दुसरं काही बघावं. तासाभराने बोलवायला गेलात आणि ‘थांबा, इथे काहीतरी गडबड आहे’ असं म्हणून त्याने मान वर केली नाही, तर त्याला जाऊ द्या.